मेहुण्याने पाडलेला उजेड

४ नोव्हेंबर

वकीलसाहेबांनी सांगितलं म्हणून ही वही. "नुसतं बोंबलून खटला जिंकता येत नाही. कोण काय बोललं ते त्या दिवशीच लिहून ठेवा," म्हणाले. ठीक आहे, लिहितो. आरोपी : माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आरोप : सासऱ्यांनी उभ्या केलेल्या दुकानात बसून लोकांना टोप्या घालणे.

आमचं दुकान डिस्क प्लेयर दुरुस्तीचं. मागच्या खोलीत माझं टेबल, त्याला लागून ऐकायची खोली, तिथे एक खुर्ची आणि दोन स्पीकर. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन मी त्या खुर्चीत बसून ऐकतो आणि मगच त्याच्या पाठीवर हिरवा 'ठीक' शिक्का पडतो. सासरे म्हणायचे, "दुकान म्हणजे दोन कान, आणि ते दोन्ही माझ्या जावयाचे." सासरे गेले आणि हे रत्न दुसरीकडची नोकरी सोडून काउंटरवर येऊन बसलं. कानामागून आला आणि तिखट झाला.

आता याचं संशोधन ऐका. डिस्क वाचायला आत लेसरचा बारीक किरण असतो. तो डिस्कवर पडतो, उलटतो आणि भिंगातून परत येतो. मेहुणा गिऱ्हाइकांना सांगतो की त्यातला थोडा उजेड चुकार होतो, पेटीत भटकतो, पत्र्यावर आपटून परत मशीनच्या वाचणाऱ्या डोळ्यात शिरतो आणि त्याने आवाज खराब होतो. उपाय काय, तर पेटीला आतून मिट्ट काळा रंग. आणि काळं फासतो कुठल्या मशीनला? मी पास केलेल्या! माझ्या शिक्क्याच्या आतल्या बाजूला!

अरे गाढवा, डिस्कवर आकडे असतात. आकडा एक तर वाचला जातो नाहीतर नाही. नाही वाचला तर गाणं अडखळतं, उड्या मारतं, बंद पडतं. उजेडाने ते 'खराब' कसं होईल? काय पण उजेड पाडलास!

आणि हे सगळं फुकट करून देतो. फुकट देणाऱ्याचा डाव नेहमी मोठा असतो, एवढं मला कळतं.

७ नोव्हेंबर

आज वकीलसाहेब स्वतः हजर होते, त्यामुळे साक्षीदार पक्का.

त्यांचं मशीन मी कालच पास केलं होतं. माझी पद्धत सासऱ्यांनीच घालून दिलेली. चाचणीच्या डिस्कवर एक मुका ट्रॅक असतो, त्यात काहीच भरलेलं नसतं. आवाज मोठा करून तो लावायचा आणि कान टवकारायचे. काहीही ऐकू आलं नाही की मशीन स्वच्छ. पूर्वी चारातलं एखादं मशीन इथे नापास व्हायचं आणि मी डोकं धरून बसायचो. गेल्या दोन वर्षांत एकही झालेलं नाही. हात किती बसलाय माझा, पण कौतुक कुणाला?

तर मी टेबलाशी काम करत होतो. मेहुण्याकडे मी पाठ करूनच बसतो, ते तोंड बघायला नको. मागून येऊन म्हणाला, "भाऊजी, सुट्टी आहे."

मी म्हटलं, "कुणाला?"

"याला. वकीलसाहेबांच्या मशीनला. सुट्टी आहे हो."

मशीनला सुट्टी! थट्टा करतोय माझी, आणि तीही गिऱ्हाइकासमोर. मी पाठ न वळवता म्हटलं, "सुट्टी तूच घे. कायमची घे. दुकान वाचेल."

वकीलसाहेब छताकडे बघत होते. मग मेहुण्याने मशीन उचललं, काउंटरमागे नेलं आणि रंगाचा डबा उघडला. वास माझ्या टेबलापर्यंत आला.

१२ नोव्हेंबर

घरीही तेच. बायको तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि वर मलाच म्हणते, "किती वेळा सांगू?" अगं, एकदाच सांग, पण तोंड उघडून सांग! हल्ली सगळेच असे बोलतात. तरुण मुलं तर शब्द अर्धा गिळतात.

दाराची घंटा काढून तिने दिवा लावून घेतलाय. कुणी बटण दाबलं की माझ्या खुर्चीसमोरचा दिवा लुकलुकतो. घंटेने तिचं डोकं दुखतं म्हणे. डोकं तिचं दुखतं आणि दिवा माझ्यासमोर! बायकांचा हिशोब देवालाही लागायचा नाही.

सकाळी चहाची किटली जळाली. मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. शिट्टीची म्हणून घेतलेली किटली, साधी वाजत नाही. मी म्हटलं, फेकून दे हा डबा. बायकोने ती धुतली, पुसली आणि परत शेगडीवर ठेवली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी पेपर आडवा धरला. भावाचं काहीतरी मनात शिजत असणार. तो हिचे कान भरतो, दुसरं काय.

मागच्या झाडावर पाखरंही राहिली नाहीत. पूर्वी सकाळी नुसता कलकलाट असायचा. शहराची वाट लागली.

१५ नोव्हेंबर

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांच्या मशीनला मेहुण्याने मागेच काळं फासलंय. मला ऐकू जाईल अशा बेताने, मोठ्याने म्हणाल्या, "रंग दिल्यापासून आवाज किती निर्मळ झालाय!" शिकलेली बाई! माणसांच्या तोंडात दिवसभर दिवे लावून बघते, तिला तरी उजेड कळायला हवा होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर मेहुण्याला म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? पैज लाव. पडद्यामागून ऐकवू. उजेडाने फरक पडतो असं निघालं, तर मी टेबल सोडतो. नाही निघालं, तर तू दुकानाची पायरी चढायची नाही."

त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "कशाला भाऊजी? चाललंय ते चालू द्या ना."

चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, "घाबरलास?"

बायको डबा घेऊन आली होती, ती मध्ये पडली. "अहो, जाऊ द्या. माझ्यासाठी जाऊ द्या." मी म्हटलं, तुझ्यासाठीच इतके दिवस गप्प बसलो. शेवटी मेहुणा तिच्याकडे बघून हो म्हणाला. ती डबा तसाच ठेवून निघून गेली. भाजी खारट होती.

२१ नोव्हेंबर

तयारी जोरात. डॉक्टरीणबाईंचं मशीन मागवून घेतलं. वरच्या पेटीचा काळा रंग खरवडून काढला. आत चकचकीत कागद चिकटवला, स्वयंपाकघरात गुंडाळायला वापरतात तो. आता आत नुसता आरसेमहाल आहे. लेसरला भटकायचं तेवढं भटकू दे, वर झाकणाच्या फटीतून विजेरीचा झोतही सोडणार. आणि दुसरी बाजू म्हणून काळ्या मखमलीचं अस्तर शेजारच्या शिंप्याकडून शिवून घेतलं, हवं तेव्हा घालता-काढता येईल असं. शिंपी म्हणाला, "मशीनला कोट शिवायची पहिलीच वेळ." ऐकणाऱ्यांत त्यालाही घेतलाय. गाण्याचा त्याला गंध नाही, म्हणजे तो कुणाच्या बाजूचाही नाही.

मेहुण्याने मध्यंतरी एक स्कोप आणलाय. आवाज त्यात घातला की पडद्यावर हिरवी रेघ हलते. काउंटरखाली फडकं घालून ठेवतो. कानाचं काम डोळ्यांनी करायला निघालाय! ज्याला नाचता येत नाही त्याला अंगण वाकडं, आणि ज्याला ऐकता येत नाही त्याला टीव्ही लागतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो!

वकीलसाहेब, डॉक्टरीणबाई आणि शिंपी पडद्याच्या अलीकडे, मी आणि मशीन पलीकडे. मेहुणा माझ्यावर लक्ष ठेवायला शेजारी उभा. कधी मखमल घातली, कधी आरसेमहाल आणि वर विजेरी. दर वेळी तोच तुकडा वाजवला आणि विचारलं, "काळं की उजेड?" उत्तरं म्हणजे नुसता गोंधळ. वकीलसाहेब आरसेमहालाला काळं म्हणाले, डॉक्टरीणबाई मखमलीला उजेड म्हणाल्या. शिंपी बिचारा प्रामाणिक, पहिल्यापासून म्हणत होता, "मला सगळं सारखंच लागतंय, चालेल का?" अरे, चालेल काय, पळेल!

मी पडदा बाजूला केला आणि विजेरी मेहुण्याच्या तोंडावर मारली. "सांग आता. कुठे गेला तुझा भटका उजेड?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मग माझ्या मशीनची सुट्टी कशाने गेली?"

रविवार वाया गेला असं म्हणत असतील. लोकांना नको तिथे सहल सुचते. मी म्हटलं, "बाई, चांगल्या कामात गेली!" कुणी हसलं नाही. त्या पुन्हा काहीतरी बोलणार होत्या, पण मेहुणा घाईघाईने मध्ये शिरला, "मी हरलो. मला मान्य आहे. उजेडाचं सगळं मी मनाने रचलं होतं. झालं?" आणि पिशवी उचलून पायऱ्या उतरला. डबा मात्र विसरला, काळ्या रंगाचा.

इतका सरळ हरला की थोडी मजाच गेली. मला चांगलं भांडायचं होतं.

२४ नोव्हेंबर

बायको बोलत नाही. पुटपुटतही नाही.

दुकानात दिवसभर मी एकटा. विजेत्यासारखं वाटायला हवं होतं. काउंटरवर कोण आलं, कोण गेलं कळत नव्हतं, कारण मी मागे असतो. एक गिऱ्हाईक ओरडून ओरडून थकलं म्हणे आणि शेवटी मागे येऊन माझ्या खांद्यावर थाप मारली. केवढा दचकलो मी! लोकांना साधी हाक मारता येत नाही.

२६ नोव्हेंबर

चोर सापडला! भोंदू तर होताच, आता चोरही निघाला!

डॉक्टरीणबाईंचं मशीन परत द्यायचं म्हणून साफ करत होतो. रंग खरवडताना त्याचे पापुद्रे खाली बोर्डावर पडले होते, म्हणून बूड उघडलं. बघतो तर वीजपुरवठ्याच्या कोपऱ्यात नवा कोरा कपॅसिटर, वीज गाळून देणारा भाग. जोड माझा नाही. माझा कथलाचा डाग गोल पडतो, हा टोकदार होता, मेहुण्याच्या नाकासारखा. म्हणजे नुसतं काळं फासत नव्हता, आत हातही घालत होता. मी पास केलेल्या मशीनमध्ये! चांगला भाग काढून विकत असेल, दुसरं काय?

म्हटलं, आता वकीलसाहेबांसमोर पुराव्यानिशी उघडा पाडतो. त्याचाच स्कोप काउंटरखालून काढला. फडकं झटकलं. शेल्फवर एक मशीन होतं, सोमवारी मीच पास केलेलं, मेहुण्याचा हात न लागलेलं. त्यावर मुका ट्रॅक लावला. माझं काम किती स्वच्छ असतं ते आधी दाखवायचं आणि मग त्याचं.

खोलीत चिडीचूप. स्पीकरमधून काहीही नाही. पडद्यावर रेघ सपाट पडायला हवी होती.

ती सपाट नव्हती. नुसती थरथरत होती, दाट, दातेरी.

मला वाटलं स्कोप बिघडलाय. त्याच्याकडचं कुठलं यंत्र धड असणार? वायर बदलली. आवाज वाढवला. कान स्पीकरला लावला. काही नाही. रेघ मात्र अजून उंच झाली. मग दुसरं मशीन लावलं, तेही माझंच, हिरव्या शिक्क्याचं. तिथेही तेच. मग डॉक्टरीणबाईंचं लावलं.

रेघ आडवी झोपली. एवढीशीही हलली नाही.

तेवढ्यात दारातून शिंपी आत आला, दोन्ही हात कानांवर. तोंड वेडंवाकडं करून काहीतरी ओरडत होता. मी बटणाकडे बोट दाखवलं, त्याने धावत जाऊन आधीचं मशीन बंद केलं. ते मी बंद करायला विसरलो होतो, त्याचा स्पीकर चालूच होता. कान चोळत म्हणाला, "अहो, भिंतीपलीकडे माझ्या डोक्यात सुई घुसली! तुम्ही इथे बसलात कसे?"

२७ नोव्हेंबर

काल दुकान तसंच टाकून घरी आलो होतो. आज सकाळी बायकोसमोर बसलो. तिने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं, लहान पोराचं वळवतात तसं.

"शि-ट्टी," ती म्हणाली. "सुट्टी नाही. शिट्टी. तुमच्या मशीनमधून बारीक शिट्टी येते. दोन वर्षं झाली. धाकट्याने तुम्हाला चारदा सांगितलं. चारही वेळा तुम्ही त्याला सुट्टी देऊन टाकलीत."

मी म्हटलं, "तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं! तुमच्या कानांचं काढलं की तुम्ही कानांवर हात ठेवता. डॉक्टरकडे चला म्हटलं तर आठ दिवस जेवायला वेगळे बसलात."

मग सगळं ओकली. मशीनं परत यायला लागली तेव्हा लोकांना काहीतरी सांगणं भाग होतं. दुकानाचा कान गेला, असं सांगायचं होतं का? कुठलंसं गिऱ्हाईक हे उजेडाचं खूळ वाचून आलं होतं. मेहुणा म्हणाला, ताई, बरं झालं, आपण उजेडावर ढकलू. तो गुपचूप शिट्टी मारणारा भाग बदलायचा आणि वरून काळं फासायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं रंगाने शिट्टी गेली, मला वाटायचं मेहुणा भोंदू आहे. "आणि भोंदू व्हायला तो तयार झाला," बायको म्हणाली. तिचा आवाज मला नीट येत होता, कारण ती रागाने मोठ्याने बोलत होती.

मी तिच्यावरच ओरडलो. खूप ओरडलो. दोन वर्षं माझ्याच घरात माझं नाटक चालू होतं आणि सगळे प्रेक्षक तिकीट काढून बसले होते! वकील, डॉक्टरीण, सगळे! मला कुणी दया दाखवली की मला जास्त राग येतो. तो राग अजून गेलेला नाही. हे लिहिताना लेखणी कागदातून आरपार जातेय.

किटली शेगडीवर होती. मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. वाफ जोरात येत होती. नुसती वाफ.

२९ नोव्हेंबर

वकीलसाहेब त्यांचं राहिलेलं मशीन न्यायला आले. काउंटरवर मीच होतो, तोंड दाराकडे करून. शिंपीही कापड मोजायचं सोडून दारात उभा राहिला.

वकीलसाहेब माझ्या डोळ्यांत न बघता, पण मोठ्याने म्हणाले, "मग, निकाल काय सांगायचा लोकांना? तुमचा मेहुणा फसवत होता, हेच ना?"

इथे हो म्हटलं असतं तर संपलं असतं. माझे कान शाबूत राहिले असते, निदान लोकांच्या तोंडी. मेहुणा दुकानाबाहेर तर होताच, वर जगाच्या नजरेतही उतरला असता. किंवा उलट सांगायचं : पैज चुकली, उजेडाने आवाज खराब होतोच, मेहुणा खरा. तेही सोपं होतं. पण ते खोटं आहे! डिस्कवर आकडे असतात, उजेडाने आकड्याला काही होत नाही, आणि मी हे मरेपर्यंत सांगणार. दुकानाच्या लाजेसाठी विज्ञानाला काळं फासणार नाही.

मी म्हटलं, "उजेडाचं खोटं. शिट्टी खरी. मला ऐकू येत नाही."

जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. शिंप्याने मान खाली घातली. वकीलसाहेब काहीतरी पुटपुटले. मी ओरडलो, "मोठ्याने बोला! आता तरी मोठ्याने बोला!"

"मी म्हटलं," वकीलसाहेब मोठ्याने म्हणाले, "हे वहीत लिहा."

३० नोव्हेंबर

मेहुण्याच्या खोलीवर गेलो. त्याने दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाला नाही, आणि मी जाणारही नव्हतो.

"आलात? भोंदूच्या दारात?"

मी म्हटलं, "तुझा डबा राहिला होता," आणि रंगाचा डबा पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"तुमच्यासाठी नव्हतं केलं. ताईसाठी केलं. तुमची तर मला..." पुढचं त्याने तोंड फिरवून सांगितलं, मला ऐकू आलं नाही. बरंच झालं असावं. मग पुन्हा वळला. "दोन वर्षं गावभर मला काय काय म्हणालात, म्हणा. पण एकदा तरी विचारलंत का, अरे, तू आत नक्की काय करतोस? एकदा?"

नव्हतं विचारलं. माफी मागायची माझी जीभ नाही, कधी नव्हती. मी म्हटलं, "उजेडाचं तू खोटंच बोललास, ते मी विसरणार नाही. बाकीचं मी काल सगळ्यांना सांगितलंय."

"काय सांगितलंत?"

"कानांचं."

तो दाराची कडी चाळवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, कळलं नाही. मला चेहरे वाचायची सवय नाही.

"पैज हरलोय मी," म्हणाला. "पायरी चढायची नाही असं ठरलंय."

"मागच्या दाराने ये. तिथे पायरी नाही."

"येईन," तो म्हणाला. "पण एक अट. मी बोलताना तुम्ही माझ्याकडे पाठ करायची नाही."

६ डिसेंबर

टेबल उलटं फिरवून घेतलं. आता भिंतीऐवजी समोर ऐकायची खोली दिसते, आणि खुर्चीत मेहुणा. शिक्का त्याच्या हातात दिलाय. दुकानात दोन कान आहेत, दोन्ही त्याचे. डोक्यात अजूनही जातो. पाय हलवतो, नाक ओढतो, ओढताना कसा दिसतो ते आता रोज बघावं लागतं.

दुपारी एक मशीन झालं. माझ्या मते उत्तम झालं होतं. त्याने मुका ट्रॅक लावला, डोळे मिटले. मी बघत होतो. मग डोळे उघडून, तोंड माझ्याकडे करून त्याने तो एकच शब्द म्हटला.

कानांना तो नेहमीसारखाच आला. सुट्टी. पण ओठ गोल झाले नव्हते. पसरले होते.

मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवली आणि बूड उघडायला घेतलं.